एक आयुष्य, एक प्रश्न

(प्रस्तावना)

शीर्षकात ‘जीवन आणि कार्य’ हे शब्द दिसले की निबंध न उघडताही त्याचा आराखडा सांगता येतो. जन्म व बालपण, शिक्षण, विवाह, सार्वजनिक कार्य, मानसन्मान, निधन. शेवटी त्या व्यक्तीचे विचार आजही कसे प्रेरणादायी आहेत हे सांगणारा परिच्छेद आणि संदर्भसूचीत तीन-चार पुस्तकं, त्यातलं एखादं न उघडलेलं. महाविद्यालयांच्या कपाटांत असे प्रकल्प गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेले आहेत. ते लिहिणारी मुलं आळशी होती असं मला वाटत नाही. त्यांना नाव दिलं गेलं आणि ‘माहिती गोळा करा’ असं सांगितलं गेलं. माहिती त्यांनी इमानदारीने गोळा केली. त्या माहितीला विचारायचा प्रश्न मात्र त्यांना कोणी दिला नाही आणि तो कसा शोधायचा हेही शिकवलं नाही.

चरित्रात्मक शोधनिबंध कसा लिहावा हे शिकवणारं हे पुस्तक या उणिवेपासून सुरू होतं. ते नाशिकमध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिलेलं आहे आणि त्यातली जवळजवळ सगळी उदाहरणं याच मातीतली आहेत. त्याची मूळ भूमिका मला पूर्णपणे पटते. संपूर्ण आयुष्य सांगायचं ते चरित्रग्रंथाने. वीस-पंचवीस पानांच्या निबंधाने त्या आयुष्याला एकच प्रश्न विचारावा आणि तोही असा, की विद्यार्थ्याच्या हाती येऊ शकणाऱ्या कागदांतून आणि माणसांतून त्याचं उत्तर निघेल.

कर्मवीर दादासाहेब ऊर्फ भाऊराव गायकवाड यांचंच घ्या. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी 15 ऑक्टोबर 1902 रोजी जन्म, काळाराम मंदिर सत्याग्रहाचं नेतृत्व, लोकसभा, राज्यसभा, 1968 साली पद्मश्री, 1971 च्या डिसेंबरात निधन. इतकं कुठल्याही पुस्तिकेत मिळतं आणि इतकं लिहून संशोधन झालं असं म्हणता येत नाही. आता यातलाच एक धागा ओढा. सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि अधूनमधून थांबत, पुन्हा उभा राहत काही वर्षं चालला. हातावर पोट असलेली माणसं खेड्यापाड्यांतून नाशिकला आणायची, त्यांच्या भाकरीची सोय करायची, मार खाल्लेल्यांना आणि तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना सांभाळायचं, गावकीने टाकलेल्या बहिष्काराला तोंड द्यायचं, हे सगळं तिशीही न गाठलेल्या भाऊराव गायकवाडांनी कसं निभावलं? या प्रश्नाला साधनं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रं छापलेली आहेत. त्यातल्या मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी हा सत्याग्रह पुढे न चालवण्याचा सल्ला दिला आहे, त्यामागची त्यांची भूमिकाही मांडली आहे. महाराष्ट्र शासनाने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर चळवळीच्या साधनखंडात त्या काळातले सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रांतले उतारे आहेत. पहिल्या दिवशीच्या मिरवणुकीत किती माणसं होती, हा एकच आकडा पोलिसांचा अहवाल, त्या आठवड्यातलं वर्तमानपत्र आणि धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र अशा तीन ठिकाणी ताडून पाहायला सांगा. तेवढ्या एका दुपारच्या कामात विद्यार्थ्याला साधनचिकित्सा म्हणजे काय ते कळतं. व्याख्यानांनी ते कळत नाही.

चरित्रलेखनाची ही शिस्त मराठीला बाहेरून आली, असा समज आहे. तो खोटा आहे आणि नवख्या विद्यार्थ्याने तो आधीच काढून टाकावा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते कसं, हे पाहण्यासारखं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळवल्या. कोणती लीळा कोणाकडून आली याचं भान ठेवलं आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली, तेव्हा शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ वेगवेगळे निघाले. महानुभावांनी ते भेद लपवले नाहीत. हिराइसेच्या स्मरणातला पाठ तिच्या नावाने ओळखला जातो. साक्षीदाराचं नाव जपण्याची ही काळजी आजच्या कितीतरी प्रबंधांत सापडत नाही. शिवाय चक्रधरस्वामी कुठे कुठे राहिले, त्या जागा कशा आहेत, कोणत्या दिशेला काय आहे, हे नोंदवणारी ‘स्थानपोथी’ आहे. चरित्रकाराने जागा पाहून यावी, हा धडा मराठीत सातशे वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे.

त्यानंतर मराठीत चरित्राच्या अनेक वाटा फुटल्या. ताहाराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ लिहून संतांची चरित्रं घरोघरी पोचवली. त्यांचा हेतू भक्ती वाढवण्याचा होता. तरी आपण कोणत्या पूर्वसूरींच्या आधारे लिहितो हे त्यांनी सांगितलं. बखरींची वाट वेगळी. कृष्णाजी अनंत सभासद शिवछत्रपतींच्या सेवेतले. त्यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली ती 1697 च्या सुमारास, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. मल्हार रामराव चिटणिसांची बखर त्यानंतर शंभरावर वर्षांनी आली. दोघांनाही ‘बखरकार’ म्हणून एकाच रांगेत बसवणारा विद्यार्थी प्रत्यक्ष पाहणारा आणि ऐकून लिहिणारा यांतला फरक विसरतो. या फरकावर वि. का. राजवाडे आयुष्यभर भांडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ 1898 पासून एकामागून एक खंडांत छापताना त्यांनी अस्सल पत्र वर आणि बखर खाली, हा क्रम मराठी संशोधनाच्या अंगवळणी पाडला. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. राजवाड्यांनी जमवलेला संग्रह जपणारं संशोधन मंडळ नाशिकच्या शेजारी धुळ्यात आहे. नाशिकच्या विद्यार्थ्याने ते एकदा तरी पाहून यावं.

मात्र राजवाड्यांचा क्रम पवित्र मानण्यातही धोका आहे. कागद कोणाचे उरतात? ज्यांच्या घरी कारकून होते त्यांचे. सत्ता, जमीन आणि लिपी ज्यांच्या हातात होती त्यांची आयुष्यं कागदावर राहिली. बाकीच्यांची कोर्टाच्या निकालपत्रात, पोलिसांच्या अहवालात किंवा कर्जखतावरच्या अंगठ्यात तेवढी उरली. विसाव्या शतकातल्या मराठी चरित्रलेखनाचं मोठं काम ही बाजू भरून काढण्याचं आहे. एकीकडे न. चिं. केळकरांनी टिळकांचं त्रिखंडी चरित्र लिहिलं, न. र. फाटकांनी 1924 साली न्यायमूर्ती रानड्यांचं लिहिलं, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश एकहाती उभे केले. दुसरीकडे पंढरीनाथ सीताराम पाटलांनी 1927 साली महात्मा फुल्यांचं चरित्र आणलं आणि चांगदेव भवानराव खैरमोड्यांनी बाबासाहेबांचं चरित्र खंडामागून खंड लिहून काढलं. खैरमोडे बाबासाहेबांच्या जवळ वावरलेले. कागद, कात्रणं, आठवणी जमवण्यात त्यांची हयात गेली. कोणत्याही विद्यापीठाने नेमलेलं नसताना एका माणसाने केलेलं एवढं दस्तऐवजीकरण मराठीत दुसरं क्वचितच असेल. विद्यार्थ्यांच्या संदर्भसूच्यांत त्यांचं नाव कीरांच्या मानाने फारच कमी दिसतं, ही गोष्ट मला खटकते.

बाहेरच्या जगातही याच सुमारास वारं फिरलं होतं. लिटन स्ट्रॅचीने 1918 साली चार नामवंत व्हिक्टोरियन व्यक्तींची लहान, धारदार चरित्रं लिहून जाडजूड गौरवचरित्रांची सद्दी संपवली. कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने 1976 साली सोळाव्या शतकातल्या एका खेडवळ गिरणीवाल्याचं मनोविश्व त्याच्यावर चाललेल्या धर्मखटल्याच्या कागदांतून उभं केलं. या दुसऱ्या पुस्तकाची रीत आपल्याला फार जवळची आहे. 1883 सालचं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर उघडा. 1857 च्या उठावात सिन्नर भागातल्या भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक त्यात बंडखोर म्हणून येतात. नांदूर शिंगोट्याजवळ लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला त्याची हकिकत येते. भागोजींचा स्वतःचा शब्द त्यात नाही. सगळं शत्रूने लिहिलेलं. तरीही ते कुठून कुठे गेले, त्यांना कोणत्या गावांनी आसरा दिला असावा, सरकार नेमकं कशाला घाबरत होतं, हे त्याच मजकुरातून काढता येतं. त्यासाठी मजकूर उलट्या बाजूने वाचायला शिकावं लागतं. सुरगाणा-पेठच्या आदिवासी मुलांना आपल्या पूर्वजांवर लिहायचं असेल तर ही विद्या त्यांना सर्वांत आधी शिकवायला हवी.

स्त्रियांच्या चरित्रांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांची नावंच बदलत. नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 साली जन्मलेली मनू गोखले लग्नानंतर लक्ष्मीबाई टिळक झाली. माहेरच्या नोंदीत एक नाव, सासरच्या नोंदीत दुसरं आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘अमक्याची बायको’. विद्यार्थ्याने फक्त रूढ नाव धरून शोध घेतला तर आयुष्याचा पहिला भाग हाती लागतच नाही. सुदैवाने लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 च्या दरम्यान प्रसिद्ध झाली. मुलगा देवदत्त वडिलांचं, म्हणजे रेव्हरंड टिळकांचं चरित्र जमवत होता, त्यासाठी बाईंनी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यातून हा ग्रंथ वाढत गेला. आता हा ग्रंथ साधन म्हणून कसा वापरायचा? वडिलांच्या सोवळ्याचा घरादाराला झालेला जाच, नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी कळल्यानंतरची घालमेल, घरात कोण काय बोललं, हे सगळं त्यात कित्येक दशकांच्या अंतरावरून आलेलं आहे. संवाद जसेच्या तसे असतील असं मानणं भाबडेपणाचं. पण एका घरातलं सोवळं स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, भांड्याकुंड्यांत कसं चालत होतं याची इतकी जवळून पाहिलेली नोंद दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार? टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला, ही तारीख चर्चच्या कागदांतून पडताळावी; त्या बातमीने एका बाईचं काय झालं ते ‘स्मृतिचित्रां’तून घ्यावं. कोणत्या प्रश्नासाठी कोणतं साधन, हा विवेक इथे शिकता येतो.

रानड्यांच्या बाबतीतही तेच. निफाडला 1842 साली जन्मलेल्या या न्यायमूर्तींचं फाटकांनी काढलेलं चित्र आणि रमाबाईंच्या 1910 सालच्या आठवणींतलं चित्र शेजारी ठेवा. एकात सभा, संस्था आणि अर्थशास्त्र आहे. दुसऱ्यात नवऱ्याकडून शिकणारी आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची बोलणी ऐकणारी मुलगी आहे. दोन्हींतला माणूस एकच. तसंच डॉ. आनंदीबाई जोशींचं. कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईने 1888 साली, पुढे काशीबाई कानिटकरांनी आणि आपल्या काळात अंजली कीर्तने यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. मध्ये 1968 साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली. कादंबरी उत्तम आहे. ती पुरावा मात्र नाही. प्रकल्पांमध्ये आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे संवाद कादंबरीतून उचलून ऐतिहासिक सत्य म्हणून दिलेले आढळतात, आणि परीक्षकही ते चालवून घेतात.

लेखक आणि विषय यांचं नातं तपासण्याचा एक धडा आपल्या भगूरनेच पुरवला आहे. तिथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांचं पहिलं इंग्रजी चरित्र 1926 साली ‘चित्रगुप्त’ या टोपणनावाने निघालं. 1987 सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत असं नमूद झालं की चित्रगुप्त म्हणजे खुद्द सावरकरच. यावरून गदारोळ करण्यात विद्यार्थ्याने वेळ दवडू नये. ग्रंथ निरुपयोगी ठरत नाही. चरित्र म्हणून वाचत होतो ते यापुढे आत्मचरित्र म्हणून वाचायचं आणि त्यातल्या स्तुतीचं वजन त्या हिशेबाने करायचं. सावरकरांच्या तरुणपणातली नाशिकची दुसरी एक घटनाही पाहण्यासारखी आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याला फाशी झाली. नाशिकमध्ये कान्हेऱ्यांची नावनिशाणी आहे आणि ती असायलाच हवी. पण संस्कृत जाणणाऱ्या आणि या प्रांतातली लोककथा-लोकसमजुतींची टिपणं गोळा केलेल्या जॅक्सनवर एखाद्या विद्यार्थ्याने निबंध लिहायचा म्हटला, तर त्याला देशद्रोही ठरवू नये. जॅक्सनची टिपणं एन्थोव्हेनने पुढे छापली, तीही नाशिकच्या इतिहासाचं साधन आहेत.

आता कागदांच्या अगदी जवळ जाऊ. आपल्याकडच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं चाळलीत तर 1 जून या तारखेला जन्मलेली मुलं पानापानावर भेटतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी अंदाजाने साल धरून 1 जून लिहायचे. पुढे हीच तारीख नोकरीच्या कागदांवर, निवृत्तीच्या आदेशावर, गौरवग्रंथात आणि शेवटी पुतळ्याखालच्या फरशीवर जाते. चार ठिकाणी एकच तारीख सापडली म्हणून ती पक्की झाली असं विद्यार्थी समजतो. प्रत्यक्षात चारही ठिकाणी ती एकाच गुरुजींच्या अंदाजातून आलेली असते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक तपशिलाला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत : ही नोंद कोणी केली, केव्हा केली आणि त्याला ती कशी कळली. शाळेची नोंद गावच्या जन्म-मृत्यू नोंदीशी, म्हणजे कोतवाल बुकाशी किंवा गाव नमुना 14 शी ताडून पाहा. जुनी पानं मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याकडे जा आणि शक्य झालं तर स्वतः मोडी शिका.

नावांचीही तीच गत. कुसुमाग्रजांचा जन्म 27 फेब्रुवारी 1912 रोजी पुण्याला झाला तेव्हा त्यांचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर होतं. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. धाकटी बहीण कुसुम, तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. तीन नावं, तीन वेगळ्या कागदांच्या वाटा. ज्ञानपीठविजेत्या कवीची ही अवस्था, तर येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याची किंवा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातल्या कामगाराची काय असेल!

नाशिकला मात्र एक साधन असं लाभलं आहे की ज्याचा हेवा इतर जिल्ह्यांनी करावा. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की कोणाकडे जायचं ते ठरलेलं असतं. लांबट वही उघडली जाते आणि त्यात पणजोबा कोणत्या साली, कोणाच्या क्रियाकर्मासाठी आले होते, सोबत कोण होतं, मुलगे किती, हे सगळं, बऱ्याचदा खाली त्यांच्या हातच्या सहीसकट, सापडतं. ज्या घरात दुसरा कागद उरला नाही त्या घराचं वंशवृक्षाचं काम इथून सुरू होऊ शकतं. मर्यादाही ओळखून असावं. येणाऱ्याने सांगितलं ते उपाध्यायांनी लिहिलं, मुलींची नावं पुष्कळदा नाहीत, आणि ज्यांना त्या घाटावर धार्मिक विधींचा मान नाकारला गेला त्यांच्या पिढ्या तिथे शोधून मिळणं कठीण. शिवाय वह्या खाजगी आहेत. परवानगी मागून, समोर बसून पाहाव्यात. मोबाइलने फोटो काढायचे तर आधी विचारावं.

मुलाखतीचं तंत्र पुस्तकात सविस्तर आलं आहे, त्यामुळे इथे एकच सांगतो. म्हाताऱ्या माणसाला ‘कोणत्या साली?’ असं विचारलं तर तो दबतो किंवा काहीतरी सांगून मोकळा होतो. ‘एकोणसत्तरच्या पुराच्या आधी की नंतर?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठल्या कामावर होता?’, ‘थोरलीचं लग्न कोणत्या कुंभमेळ्याच्या आगेमागे झालं?’ असं विचारलं की आठवणी आपोआप जागेवर बसतात. 1980, 1991, 2003, 2015 ही कुंभमेळ्यांची सालं नाशिककरांच्या स्मरणात कॅलेंडरासारखी आहेत. बायकांच्या आयुष्याचा काळ बाळंतपणांवरून आणि घरातल्या मृत्यूंवरून लागतो. ते विचारायला धीर आणि नम्रपणा लागतो. ऐकल्यावर ते सगळंच छापायचं नसतं, हेही त्याच वेळी शिकायचं.

हे सगळं आज शिकवण्याची गरज का वाढली? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्प आला. पूर्वी एम.ए.ला, एम.फिल.ला जे काम होतं ते आता विशी-एकविशीतल्या मुलामुलींना करायचं आहे आणि त्यांतली पुष्कळ आपल्या घरातली महाविद्यालयात गेलेली पहिली पिढी आहेत. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाकडे एकेका वर्षी किती प्रकल्प असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य शिक्षेवाचून सुटतं म्हटल्याबरोबर मुलांचं सगळं लक्ष ते टक्के कमी करण्याकडे गेलं. वाक्यातले शब्द फिरवायचे, ‘जन्म झाला’ ऐवजी ‘जन्म घेतला’ लिहायचं, आणि सॉफ्टवेअर खूश. विचार कोणाचा, कष्ट कोणाचे, हे त्या यंत्राला कळत नाही. आता तर प्रश्न टाकला की पूर्ण चरित्र लिहून देणारी यंत्रं हाताशी आली आहेत. ती सफाईदार मजकूर देतात, तारखाही ठामपणे देतात, आणि त्या तारखांमागे कोणता कागद आहे हे पुष्कळदा सांगू शकत नाहीत. अशा यंत्रांवर बंदी घालून काही साधणार नाही. ती ज्या गोष्टी करू शकत नाहीत त्या कामालाच गुण ठेवावेत. गावच्या चावडीत बसून नोंद शोधणं, तिची नक्कल घेणं, नव्वदीच्या आजीशी बोलणं, मोडीची ओळ लावणं, दोन साक्षींतला विरोध उकलणं.

आणखी एक बदल गेल्या काही वर्षांतला. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि खेड्यापाड्यांतले लोक खासरा पत्रकं, कुळ नोंदवह्या, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे यांची नावं घेऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्यामागच्या आरक्षणाच्या राजकारणात इथे शिरायचं कारण नाही. पण आपल्या पणजोबाचं नाव सरकारी दप्तरात असू शकतं आणि ते आपण पाहू शकतो, ही जाणीव घराघरांत पोचली. शिक्षकांनी या उत्सुकतेचा उपयोग करून घ्यावा. दाखल्यापुरती नोंद शोधून थांबलेल्या मुलाला त्या नोंदीच्या आगेमागे काय लिहिलं आहे तेही वाचायला लावावं.

पुस्तकाची आखणी एका सत्रात बसेल अशी आहे. माणूस निवडण्यापासून तळटीप देण्यापर्यंत विद्यार्थ्याला हात धरून नेलं आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याने काहीतरी प्रत्यक्ष करायचं आहे. लेखकांनी एक धाडस केलं आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. सरावासाठी निवडलेल्या व्यक्तींत ज्यांचे पुतळे आहेत अशी माणसं थोडी आहेत. ‘फाळके’ म्हटलं की सगळे दादासाहेबांकडे धावतात. इथे प्रश्न त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल विचारला आहे. रसायनं कालवणं, फिल्मला भोकं पाडणं, युनिटच्या माणसांचं जेवणखाण, ही कामं त्यांनी केल्याचं सांगितलं जातं. त्यातलं काय कुठल्या साधनातून येतं, दादासाहेबांनी स्वतः 1917-18 मध्ये ‘नवयुग’मध्ये लिहिलं तेव्हा ते काय म्हणाले, पुढे कुटुंबीयांच्या आठवणींत काय भर पडली? असा निबंध लिहिणारी मुलगी चित्रपटाचा इतिहास आणि घरातल्या श्रमांचा इतिहास एकदमच शिकेल. मालेगावच्या विद्यार्थ्याला उर्दू साधनं वापरायला उत्तेजन दिलं आहे. सिन्नरच्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांसारख्या कवीचं आयुष्य त्यांच्या गाण्यांतून आणि ती गाणाऱ्या माणसांकडून कसं जमवावं, याचीही दिशा दिली आहे. गौरवग्रंथ, स्मरणिका, अभीष्टचिंतनाच्या पुरवण्या या स्तुतीने भरलेल्या साधनांवर वेगळा विचार केला आहे. आपल्या तालुक्यांत छापील साधन म्हणून मुख्यतः तेच मिळत असल्यामुळे तो अत्यावश्यक होता.

एका बाबतीत माझा मतभेद नोंदवतो. लेखकांनी हयात व्यक्तींवर लिहायलाही मोकळीक दिली आहे. विद्यार्थ्याच्या पहिल्या निबंधासाठी मी ती देणार नाही. हयात पुढाऱ्यावर किंवा संस्थाचालकावर लिहिताना वीस वर्षांच्या मुलावर जो दबाव येतो तो त्याने पेलावा अशी अपेक्षा करणं योग्य नाही. आणि सामान्य माणूस असेल तर त्याच्या आजाराबद्दल, कर्जाबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल काय छापावं हे ठरवण्याची समज अनुभवानेच येते. निदान पहिला निबंध गेलेल्या माणसावर असावा.

नाशिकमध्ये या कामाला लागणारं बरंच काही आहे. 1840 साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीचं 1924 पासूनचं महाविद्यालय आहे, 1914 पासूनची मराठा विद्या प्रसारक समाजासारखी संस्था आहे, 1989 साली निघालेलं मुक्त विद्यापीठ आहे. या संस्थांची स्वतःची दप्तरं, जुने वार्षिकांक, प्रवेश नोंदवह्या हेच उद्याच्या चरित्रांचं साधन आहे. दर दिवाळीला साफसफाईच्या नावाखाली त्यातलं काहीतरी रद्दीत जातं. ग्रंथपालांनी आणि मुख्याध्यापकांनी 1970 च्या आधीचा कोणताही हस्तलिखित कागद संशोधकाला दाखवल्याशिवाय टाकू नये, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ होईल.

शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा ‘जीवन आणि कार्य’ या शीर्षकावर सही करू नका. विद्यार्थ्याला प्रश्न घेऊन परत यायला सांगा. आणि निबंध तपासून झाल्यावर त्याच्या दोन जादा प्रती काढायला लावा. एक ज्या गावच्या माणसावर तो लिहिला त्या गावच्या वाचनालयात द्यावी, दुसरी ज्या घराने कागद दाखवले आणि आठवणी सांगितल्या त्या घरी विद्यार्थ्याने स्वतः नेऊन द्यावी. चुका असतील तर त्या घरचे लोक सांगतील. त्या दुरुस्त करूनच तिसरी प्रत महाविद्यालयात ठेवावी.